धुतलेलं रक्त

तिने नळी उजेडाकडे धरली आणि वरचं गुलाबी पाणी हलक्या हाताने शोषून घेतलं. तळाशी सायीसारखा पांढरा थर उरला. तांबड्या पेशी फोडून, गार पाण्यात धुऊन धुऊन रंग गेला की अशा रिकाम्या पिशव्या उरतात. प्रयोगशाळेत सगळे त्यांना भुतंच म्हणत.

स्टुलावरून बाबा वाकून बघत होते. शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडलेली.

"लोकांचे बाप मुलांसाठी रक्ताचं पाणी करतात," ते म्हणाले, "तू तर माझ्या रक्ताची भुतं केलीस!"

"ही तुमची नाहीत. पलीकडच्या टेबलावरच्या मैत्रिणीची आहेत."

"का? माझं संपलं?"

बाबांच्या अंगातच रक्त कमी आहे, यापुढे थेंबही काढू नका, असं डॉक्टरांनी तिला कालच बजावलं होतं. तिच्या प्रत्येक प्रयोगाला त्यांनी दंड पुढे केला होता. आई गेल्यापासून तर तो त्यांचा नेमच झाला होता.

मागच्या खेपेच्या त्यांच्या रक्तातून तिने स्पेक्ट्रिन काढलं होतं. पेशीला आतून जाळ्यासारखं सावरणारं प्रथिन. ते आता एका बारीक काचनळीत दुसऱ्या, धाग्याधाग्यांच्या प्रथिनात मिसळून निवांत पडलं होतं. मिश्रण किती घट्ट झालंय ते बघायला तिने वरून मोहरीहून लहान पोलादी गोळी सोडली. गोळी निघाली, रेंगाळली आणि झोपेत चालणाऱ्याने वाट विसरावी तशी मध्येच थांबली.

"अडकली?"

"अडकली नाही. धरलीय."

"कुणी?"

"तुम्ही."

बाबा त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग गालातल्या गालात हसले.

"म्हणजे अजून दम आहे म्हणायचा." त्यांनी हात टेबलावर ठेवला. "घे."

"बाबा, आता नाही घ्यायचं. डॉक्टर नको म्हणालेत. कधीच नको."

बाबांनी बाही सावकाश खाली केली. मनगटाचं बटण काही केल्या लागेना.

"मग मी यायचं कशाला? तुमच्या पायात पायात करायला?"

तिने भुतांवर प्रथिन सोडवणारं द्रावण घातलं, झाकण घट्ट लावलं आणि ती नळी त्यांच्या हातात दिली.

"मुठीत धरा. प्रथिन सुटायला अंगाइतकी ऊब लागते. हलवू मात्र नका."

कोपऱ्यात, एरवी नळ्यांना तीच ऊब देणाऱ्या गरम पाण्याच्या पेटीचा दिवा लागलेला होता. पाठमोरी होऊन तिने पेटी हळूच बंद केली.

बाबांनी विझलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग तिच्या पाठीकडे. त्यांनी दुसरा तळहातही नळीभोवती मिटून घेतला.