पूजेतला कॅमेरा

मित्रांनो, ज्याच्या कपाळावर कुंकू आहे आणि पोटात तांदळाचा दाणा आहे असा कॅमेरा तुम्ही पाहिला नसेल. तो मी. वयानं जुना आहे आणि घडीचा आहे. म्हणजे झाकण उघडलं की माझं चामड्याचं नाक लोहाराच्या भात्यासारखं पुढं येतं आणि मिटलं की मी जाड पोथीएवढा होतो. माणसांनी मला वागवलंही पोथीसारखंच. पण पोथी निदान चातुर्मासात तरी उघडतात.

माझा जन्म विलायतेतला. मूर्तिजापूरच्या आगगाडीच्या छोट्या लाईनीवर एक गोरा इंजिनियर होता, त्यानं मला वऱ्हाडात आणलं. तो पुलांचे, इंजिनांचे आणि आपल्या कुत्र्याचे फोटो काढी. कुत्र्याचे जरा जास्त. देश सोडून जाताना त्यानं कुत्रा बरोबर नेला आणि मला इथंच ठेवलं. मग मी अकोल्याच्या रामराव ड्रॉइंग मास्तरांकडे आलो. ते माझे सोन्याचे दिवस. शाळेचे वर्ग, मुंजी, सरकीच्या ढिगावर बसलेले जिनिंगचे मजूर, काय काय पाहिलं मी! मास्तर जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं माझं भिंग पुसत. लोक म्हणत, "मास्तरच्या कॅमेऱ्यात मानूस आहे त्याहून उजय दिसते." मास्तरांची नजर अधू झाली, तेव्हा मी जुन्या बाजारात केशरबाईच्या गोणपाटावर आलो. एका बाजूला पितळी समई, दुसऱ्या बाजूला बिनचाकाची शिवणयंत्रं.

तिथं एका रविवारी भगवंतराव आले. अमरावतीचे वकील, काळा कोट, हातात भिंग. त्यांनी मला उलटं केलं, सुलटं केलं, वास घेतला.

केशरबाई म्हणाली, "वकीलसाहेब, फोटो काढता का तुमी?"

"नाही. मी जमवतो."

"फोटो?"

"कॅमेरे."

"मंग फोटो कोन काढते?"

"कोणी नाही."

केशरबाईनं त्यांच्याकडे जरा मायेनं पाहिलं. आपल्या मालाची कीव तिला पहिल्यांदाच आली असावी. "न्या मंग," ती म्हणाली, "पर समई बी घ्या संगं. ते तरी पेटन."

भगवंतरावांनी समई घेतली नाही. मला घेतलं.

मित्रांनो, मी विकत घेतला गेलो तेव्हा अकोला मध्य प्रदेशात होतं. मी कपाटात बसलो तोवर मुंबई राज्य आलं. पुढं महाराष्ट्र झाला, झेंडे लागले, साखर वाटली. सरकार दोनदा बदललं. माझा खण बदलला नाही.

कपाट काचेचं होतं. पूर्वी त्यात कायद्याची पुस्तकं असत. ती पलंगाखाली गेली आणि पंधरा-सोळा कॅमेरे वर आले. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी. भगवंतराव पाहुण्यांना आमची कुळं सांगत. कुठला कारखाना, कुठलं साल, भिंग कोणी घासलं. पाहुणे चहा पीत. जाताना एखादा हटकून विचारी, "अन् याईनं काढलेले फोटो?" मग भगवंतरावांना कोर्टाची आठवण होई. त्या घराच्या भिंतीवर एकच चित्र होतं, बी-बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर. माणिकबाईंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, लग्नानंतर एकही फोटो निघालेला नव्हता.

खरं कारण सांगतो. भगवंतरावांना रोल घालता येत नव्हता. एकदा त्यांनी दार लावून प्रयत्न केला होता. रोल हातातून सुटला आणि जिलबीसारखा खोलीभर उलगडला. उजेडानं वाया गेलेला तो रोल त्यांनी बंबात जाळला. "रोल घातला की जुना कॅमेरा बिघडतो" हा सिद्धांत त्याच दिवशी जन्माला आला. जयस्तंभाजवळ धर्मपालचं फोटोचं दुकान होतं, त्याला विचारता आलं असतं. पण त्याला हे दर आठवड्याला कॅमेऱ्यांवर व्याख्यान देत. व्याख्यात्यानं विद्यार्थ्याला कसं विचारायचं?

आणि मग खंडेनवमी.

त्या दिवशी तुम्ही अवजारांची पूजा करता. सुताराचा रंधा, शिंप्याची कात्री, शेतकऱ्याचा नांगर, सगळे वर्षभर राबलेले असतात, म्हणून त्यांना एक दिवस विश्रांती. आम्ही कपाटातली मंडळी वर्षभर विश्रांती घेऊन दमलेलो असायचो; त्या विश्रांतीतून आम्हाला आणखी एक दिवस विश्रांती मिळे. भगवंतराव सोवळं नेसून आम्हाला पाटावर मांडत. झेंडूची फुलं वाहत. भिंगावर ओलं कुंकू लावत, अगदी बुबुळावर. माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. "याचा आत्मा आत आहे," म्हणून ते माझं पाठीचं झाकण उघडत आणि आतही अक्षता टाकत. एका वर्षी एक दाणा ओल्या कुंकवासकट भात्याच्या खालच्या घडीत चिकटला. तो तिथंच वाळला. मी शिंकू शकलो असतो तर बरं झालं असतं.

आता नत्थुजींची गोष्ट. नत्थुजी म्हणजे माणिकबाईंचे थोरले भाऊ, नांदगाव खंडेश्वरचे कास्तकार. एकदा श्रावणात ते तुरीची डाळ घेऊन आले आणि कपाटासमोर मांडी घालून बसले. मग म्हणाले, "जवाईबापू, एक काम होतं."

"बोला की."

"आपला चांद्या आता म्हातारा झाला. औंदाचा पोळा झाला का त्याच्या खांद्यावर जू ठेवनार नाई मी. बांधून खाईन तो. पर सजलेला असतानी त्याचा एक फोटो पाह्यजे मले. माह्या हातात कासरा, अन् बाजूले तो. बस."

चांद्या म्हणजे त्यांचा बैल. कपाळावर पांढरा चांद होता म्हणून चांद्या. मैनाबाई, नत्थुजींची कारभारीण, गेली त्या वर्षी एकट्या माणसाची पेरणी त्याच्याच जिवावर झाली होती. हे नत्थुजी बोलले नाहीत. माणिकबाईंनी स्वयंपाकघरातून डोळे पुसले, त्यावरून मला कळलं.

भगवंतरावांनी छाती पुढं काढली. "एक काय, दहा काढू! हा जर्मन भिंगाचा कॅमेरा आणतो, पाहा!" बोट माझ्याकडे होतं. मित्रांनो, कुंकवाखाली माझा चेहरा उजळला. वाटलं, आता धर्मपालकडे नेतील, रोल घालतील.

पोळ्याला आम्ही मोटारीनं नांदगावला गेलो. मला नवा पट्टा लावला होता. भिंग पुसलं होतं. पोट रिकामं होतं.

तोरणाखाली बैलजोड्यांची रांग लागली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. नत्थुजींनी पांढरं धोतर नेसलं होतं आणि ते चांद्याशेजारी असे ताठ उभे होते की चांद्याच त्यांच्यापेक्षा मोकळा वाटत होता. रोल नाही हे सांगायला भगवंतरावांनी तोंड उघडलं, हे मी पाहिलं. पण तेवढ्यात सारं गाव गोळा झालं. "वकीलसाहेब फोटो काढून राह्यले! सरका बे!" आणि भगवंतरावांनी खटका दाबला.

खट्.

मला सगळं दिसलं, मित्रांनो. चांद्याचा चांद दिसला, नत्थुजींच्या गळ्याची हललेली घाटी दिसली, उन्हात चमकणारी बेगड दिसली. माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो माझ्या भिंगातून आत आला, पाठीच्या झाकणावर आपटला आणि विरून गेला. मग पाटलांचा निघाला, सरपंचांचा निघाला, भजनी मंडळाचा निघाला. रिकाम्या पोटानं मी त्या दिवशी जेवढं काम केलं तेवढं रामराव मास्तरांकडे लग्नसराईतही केलं नव्हतं.

मग सुरू झाले बाजाराचे दिवस. दर बाजारी नत्थुजी अमरावतीला येत आणि दारातूनच विचारत, "जवाईबापू, आला का फोटो?"

"मुंबईला पाठवलाय. तिथं धुतात."

"अमरावतीत पानी नाई का?"

पुढच्या बाजाराला मुंबईत पाऊस होता. त्याच्या पुढच्या बाजाराला मुंबईचा मनुष्य आजारी होता. मग फोटो धुवायचं विलायती औषध येईना. भगवंतरावांनी कोर्टात एवढ्या तारखा कधी घेतल्या नसतील. नत्थुजी एकदाही चिडले नाहीत. प्रत्येक वेळी ते म्हणत, "येऊ द्या सवडीनं. चांद्या आहे अजून." आणि तेच मला सोसेना.

माणिकबाईंनी एका दुपारी मला कपाटातून काढलं आणि उलटं केलं. माझ्या पाठीवर एक तांबडी खिडकी आहे. आत रोल असला तर तिच्यात आकडा दिसतो. रोल नसला तर काळोख दिसतो. त्यांनी काळोख पाहिला. रात्रीच्या जेवणाची वाटसुद्धा न पाहता त्यांनी भगवंतरावांना गाठलं.

"आकडा काहून दिसत नाई जी याच्यात?"

"तो जुना प्रकार आहे. तुला समजणार नाही."

"मले नाई समजत. भाऊले समजावून सांगा मंग. वर्सभर तो घरून भाकर बांधून ये-जा करून राह्यला."

भगवंतराव कोटाची बटणं चाचपू लागले. वकील बटणं चाचपू लागला की खटला संपला असं समजायचं.

"रोल घातला की ओरखडा पडतो, माणिक," शेवटी ते हळूच म्हणाले. "एवढा जपलेला कॅमेरा..."

"पडू द्या. पुऱ्या गावासमोर माह्या माहेरची फजिती झाली, थो ओरखडा मोठा आहे."

दुसऱ्याच दिवशी त्या मला पिशवीत घालून धर्मपालकडे गेल्या. धर्मपालनं मला पाहिलं आणि हात जोडले. "वहिनी, याले फोटो काढाले आनलं का दर्शनाले?" कपाळावरचं कुंकू त्यानं बरंच खरवडलं; मुळाशी थोडं राहिलंच. मग रोल कसा घालायचा, आकडा कसा पाहायचा, पावलं मोजून अंतराचा काटा कसा लावायचा हे त्यानं माणिकबाईंना शिकवलं. भात्याच्या घडीतला दाणा मात्र दोघांनाही दिसला नाही. कित्येक वर्षांनी माझ्या पोटात रोल गेला. मित्रांनो, भूक लागलेल्याला जेवणाचं वर्णन करायला सांगू नये. मी करणार नाही.

पुढच्या पोळ्याला आम्ही परत तोरणाखाली. चांद्या आता जुवाखाली नव्हता, पण नत्थुजींनी त्याला नवरदेवासारखा सजवून आणला होता. गावची पोरं झडत्या म्हणत होती. झडती म्हणजे पोळ्याला मारायची आरोळी, कोणाला टोमणा मारायचा असेल तर गाण्यात घालून मारायचा. आम्ही दिसताच एकानं सूर लावला:

"वकीलसाह्यबाचा कॅमेरा मोठा,
खटका वाजे, अन् फोटोले तोटा!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सारं गाव महादेव म्हणालं. भगवंतरावांचा चेहरा शिंगांच्या बेगडीएवढा लाल झाला. ते माणिकबाईंना म्हणाले, "दे इकडे, मी काढतो."

"पयले भाऊ. मंग तुमी कासऱ्याले धरा," माणिकबाई म्हणाल्या. "अन् हलू नका."

त्यांनी डोक्यावरचा पदर दातात धरला आणि त्या कासरा धरलेल्या नत्थुजींच्या आणि चांद्याच्या पार जवळ गेल्या. फार जवळ. शिंगांची टोकं चौकटीबाहेर सुटताहेत हे मी ओरडून सांगितलं असतं. पण त्यांनी खटका दाबला, आणि या वेळी आत आलेला उजेड विरला नाही. बसला.

फोटो धर्मपालनं धुतले, अमरावतीतल्याच पाण्यात. नत्थुजी घ्यायला आले तेव्हा भगवंतरावांनी पाकीट आधी उघडलं आणि कपाळावर हात मारला. माझ्या पोटात सगळं उलटं पडतं. तळाशी चिकटलेला दाणा फोटोत वर गेला होता. बरोबर चांद्याच्या कपाळावर, पांढऱ्या चांदाच्या मधोमध, तांदळाएवढा काळा डाग. एका फोटोत तोच डाग पाटलांच्या फेट्यात होता, एकात आभाळात, आणि शेवटल्या फोटोत कासरा धरलेल्या भगवंतरावांच्या भुवयांच्या मध्ये.

"खराब झाले!" भगवंतराव म्हणाले. "सगळे खराब! ही माझी... ही त्या अक्षतांची..." वर्षभर खोटं बोलणाऱ्या माणसाचा खऱ्यावर घसा बसला.

नत्थुजींनी फोटो उजेडाला धरला. बराच वेळ पाहिला. त्यांचा अंगठा त्या डागावर हळूच फिरला, पुसायला नव्हे.

"कोन म्हनते खराब?" ते म्हणाले. "जवाईबापू, तुमच्या कॅमेऱ्यानं त्याले तीट लावली. मैना असती तं तिनं हेच केलं असतं. पुऱ्या गावाची नजर होती ना त्याच्यावर."

माणिकबाई आत गेल्या. भगवंतरावांनी आपला तीट लावलेला फोटो खिशात घातला आणि कोर्टाची आठवण न काढता तिथंच बसून राहिले.

तुम्हाला वाटेल, आता माझे दिवस पालटले. पालटले ना. मी कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात गेलो. चिठ्ठीवर "अतिमहत्त्वाचा" असं लिहिलं गेलं. खंडेनवमीला मला फुलं दुप्पट. नत्थुजींनी "थो दाना काढू नका" म्हणून बजावलं, म्हणून तो अजून पोटात. फक्त कपाटाची किल्ली माणिकबाईंच्या कमरेला गेली. पोळा आला की त्या मला काढतात, रोल घालतात आणि माहेरी नेतात. भगवंतरावांच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी, आता बैलांची एक रांग लागली आहे, प्रत्येकाच्या वर कुठं ना कुठं एक काळी तीट.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला जपा, पण जपता जपता तिचा देव करू नका. तिला पुसा, आणि मग कामाला लावा. पूजाच करायची असेल तर निदान तिचं तोंड मिटून करा.

पोळ्याला बैलाचा खांदा मोकळा असतो. वर्षभर राबल्याबद्दल त्याची ती एका दिवसाची सुट्टी. माझंही वर्षात त्याच एका दिवशी नशीब उघडतं. फक्त त्याला त्या दिवशी सुट्टी असते, आणि मला त्या दिवशी काम.