शुद्ध केलेला कॉम्प्युटर

"गेली! लाल पाटी गेली!" ऑफिसातली सगळी माणसं एका स्क्रीनभोवती लोटली. दवाखान्यात औषधाचा डोस ठरवणारा त्यांचा नवा प्रोग्राम उघडला की 'निर्माता अनोळखी' अशी लाल पाटी यायची. मालकाने बोलावलेल्या शिक्केमहाराजांनी (हे नाव ऑफिसानेच ठेवलेलं) डोळे मिटले, पेन ड्राइव्ह लावला, फाइलवर आपली डिजिटल सही ठोकली आणि पाटी झाली हिरवी! टाळ्या काय, फोटो काय, विचारू नका.

मालकाची भाची तेवढी कोपऱ्यात घुसमटत उभी होती. प्रोग्राम तिने लिहिलेला, कंपनी मामाची, आणि मामाच्याच घरी ती लहानाची मोठी झालेली. बोलावं तर कृतघ्न, गप्प बसावं तर पेशंटच्या जिवाशी खेळ. सहीचं खरं प्रमाणपत्र देणारी संस्था अजून कंपनीची चौकशी करत होती, पण मामाला दम कुठला?

"महाराज, दुसऱ्या कॉम्प्युटरवर दाखवा ना," ती शेवटी बोललीच.

"आधी तो शुद्ध करावा लागेल, ताई. अशुद्ध यंत्राला माझी सही दिसत नाही."

"पुरे झाला शहाणपणा!" मामा भाचीवर खेकसला.

तिने ऐकलं नाही. खोक्यातून कोरा लॅपटॉप काढला, तीच सही केलेली फाइल उघडली. लाल पाटी! मग तिने बसल्या बसल्या 'ब्रह्मदेव, मुक्काम स्वर्ग' या नावाचं प्रमाणपत्र बनवलं, लॅपटॉपमध्ये घातलं, त्याच नावाने फाइलवर सही केली. हिरवी पाटी! निर्माता : ब्रह्मदेव.

"झाली शुद्धी! कोणाची सही खरी मानायची, याची यादी कॉम्प्युटरमध्ये असते. यांनी त्यात गुपचूप स्वतःचंच नाव घातलं. सही यांची, साक्षही यांचीच!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मामा मात्र भाचीकडे वळला.

"अगं, काल यांनी दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर शुद्ध केले. मीच घेऊन गेलो होतो."

"म्हणजे यांनी उद्या डोस बदलून फाइल पाठवली, तरी तिथे हिरवंच दिसणार, मामा!"

महाराज दाराकडे सरकले. "बसा तिथेच!" मामा ओरडला आणि त्याने दवाखान्याला फोन लावला. "कॉम्प्युटरला हात लावू नका. डोस कागदावर काढा. हो, चूक माझीच."

तेव्हा मंडळी, हिरवी पाटी दिसली की लगेच हात जोडू नका. ही सही खरी कशावरून, असं विचारा. 'मी सांगतो म्हणून' असं उत्तर आलं, तर कॉम्प्युटर सोडा आणि आधी त्या माणसाला धरा.