झरीवरचा सडा

मांगरवाडीला कोणी वाली नाही. मूठभर घरं, भाताचे कुणगे, काजूची झाडं, वर सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, सड्याखाली एक झरी. पण दोन्हीकडच्या ग्रामपंचायती हात झटकतात, ही वाडी आमची नव्हे. म्हणून इथला कारभार देवाच्या घुमटीसमोर चालतो. वाडीचा मुख्य मानकरी, गावकर महादू, गाऱ्हाणं घालतो, त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि तिथं दिलेला होकार कोणी मोडत नाही.

यंदा देवाच्या वार्षिक उत्सवात वडे-सागोतीचा, म्हणजे वडे आणि कोंबडीच्या रश्श्याचा, खर्च निलेशने उचलला होता. तालुक्यातल्या कोंबडीच्या दुकानांतली घाण उचलायचा त्याचा धंदा; ती टाकायला त्याला जागा हवी होती. माणसं हात जोडून उभी होती, पण डोळे चुलीवरच्या टोपाकडे. बायकांच्या रांगेत उभी असलेली शेवंती ते बघत होती.

“पोराबाळांक सुखी ठेव!”

“व्हय म्हाराजा!”

“भातशेती पिकव!”

“व्हय म्हाराजा!”

“झरीवरलो सडो निलेशाक वापराक दिलो हा, तेका यश दी!”

“व्हय म्हाराजा!”

सवयीनं शेवंतीच्याही तोंडून गेलं. मग अंगावर पाल पडावी तशी ती दचकली. वाडीला पाणी त्या एका झरीचं!

“नाय म्हाराजा!” ती ओरडली. “थंयली घाण झरीत उतरतली!”

महादूच्या कपाळाला आठ्या पडल्या. “देवासमोर शब्द फिरवतंस? आत्ताच व्हय म्हटलंस ना? लवू, तुझ्या बायलेक सांग. तुझा म्हणणा काय?”

लवू तिचा नवरा. दर उन्हाळ्यात दोघं मिळून ती झरी उपसत. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा टोपाकडे.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

पंगत बसली. लाज नावाची चीज त्या दिवशी वाडीत शोधून सापडली नसती. लवू हाडं चोखत होता, बोटं चाटत होता, वर आणखी रस्सा मागत होता. ह्याच माणसाला आपण इतकी वर्षं वाढत आलो, ह्याची शेवंतीला शिसारी आली. ती न जेवता घरी निघून गेली.

घाण खाली उतरायला पावसाचीही गरज पडली नाही. निलेशच्या ड्रायव्हरला सडा चढायचा कंटाळा. त्याने अख्खा टेम्पो झरीच्या तोंडाशीच ओतला. पिसं, आतडी, वर घोंघावणाऱ्या माश्या. सकाळी पाण्याला गेलेला लवू नाकाला पंचा लावून रिकाम्या कळशीनिशी परत आला.

“शेवंती, आता पाणी खंयसून हाडूचा गो?”

“निलेशाकडे रस्सो उरलो आसात,” ती म्हणाली, “तो हाडून पी.”