नकली मतपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे, आणि जन्मापासून नकली आहे. माझ्यात पडलेल्या मतांनी आजवर ना कुणी निवडून आलं, ना कुणी पडलं. शहागंजातल्या एका पत्रेवाल्यानं तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून मला घडवलं. डोक्यावर फट पाडली, कुलूप लावलं आणि हसत विचारलं, "बाई, नकली पेटी को असली ताला कायकू?"

मला घडवून घेणाऱ्या प्रांजलीताई हसल्या. त्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायच्या. लोक कुणाला मत देतात आणि का देतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. तोंडावर विचारलं तर माणूस जिंकलेल्याचंच नाव घेतो. म्हणून निवडणूक सरली की ताई मला काखोटीला मारून गावोगाव हिंडायच्या. ज्यानं त्यानं आडोशाला जाऊन चिठ्ठीवर शिक्का उठवायचा आणि घडी घालून ती माझ्यात टाकायची. बऱ्याच गावांच्या चिठ्ठ्या एकमेकींत मिसळल्याशिवाय ताई मला उघडत नसत. मग कुठलं मत कोणत्या गावचं, ते त्यांनाही कळायचं नाही.

काय सुखाचे दिवस होते ते! एसटीत ताईंच्या मांडीवर मी पेंगायची. शहराच्या वेशीबाहेर उगवलेल्या नव्या इमारती, मग उघडी रानं, कोरडे नाले, सगळं झोपेत सरकावं तसं मागे जायचं. पोटात चिठ्ठ्या सळसळायच्या आणि मला वाटायचं, अख्खा तालुका माझ्या कानाशी हळूच बोलतो आहे.

दुष्काळाच्या एका उन्हाळ्यात आम्ही वैजापूरकडच्या मेंढपाळांच्या वस्तीवर गेलो. नुकतीच मी रिकामी झाले होते, त्यामुळे पोटात फक्त त्या वस्तीच्याच चिठ्ठ्या होत्या. शेवटची चिठ्ठी म्हाळसाबाईची. ती टाकून म्हातारी म्हणाली, "घरच्यांला बी सांगितलं नाय, बाई. तुमच्या पेटीलाच सांगितलं."

तेवढ्यात गावचे पुढारी खंडेराव जीपमधून उतरले. निवडणुकीत ते हरले होते, पण वस्तीचा पाण्याचा टँकर अजून त्यांच्याच शब्दावर यायचा. मला पाहून त्यांचे डोळे लकाकले.

"नकलीच हाय ना पेटी? मंग उघडायला काय जातंय? वस्ती कुणाच्या मिठाला जागली ते कळू द्या आमाला. मंग टँकरचं बघू."

पत्र्याला घाम फुटत असता तर मला तेव्हा फुटला असता, इतकी मी घाबरले. या बिचाऱ्यांचं पाणी आता माझ्या कुलपावर आलं होतं!

"उघडते," ताई शांतपणे म्हणाल्या. "मावशी, आधी तांब्याभर पाणी द्या."

बाईला तहान लागली असेल, म्हणून म्हाळसाबाईनं रांजणाच्या तळाशी राहिलेलं पाणी तांब्यात भरून आणलं. ताईंनी ते ओठांना लावलंसुद्धा नाही. सगळंच्या सगळं माझ्या फटीतून आत ओतलं.

"अवं, पाणी!" कुणीतरी किंचाळलं. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे पापच. गार धार माझ्या पोटात उतरली, शिक्क्यांची जांभळी शाई विरघळू लागली. ताईंची सगळी मेहनत पाण्यात चालली होती आणि त्या ओठ मिटून ओतत होत्या.

म्हाळसाबाई आत गेली, रांजण तिरका करून उरलंसुरलं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "ह्ये बी वता. कोपऱ्यातल्या भिजल्या नसतील."

मित्रांनो, त्या क्षणी मला रडू आलं. कुलूप उघडलं तेव्हा खंडेरावांच्या हाती जांभळा लगदा लागला. कुणावर राग काढावा, तेच त्यांना कळेना. दुसऱ्या दिवशी टँकर नेहमीसारखा आला.

आता मी विद्यापीठातल्या एका कपाटावर असते. तळ गंजून झिजला आहे, झोप फार येते. मधूनच नवी मुलं मला खाली उतरवतात, हलवून पाहतात. जरा हळू हाताळा रे, धूळ पुसून ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि कुणी विश्वासानं तुमच्यापाशी काही ठेवलं, तर ते जिवापाड जपा.

त्या वस्तीनं कुणाला मत दिलं होतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. शाई विरघळायच्या आधी मी सगळं वाचलं होतं. पण मित्रांनो, ते मला विचारू नका.