केदारखेड्याचं सफरचंद

मी म्हातारं झाड नाही, मित्रांनो. आपली कहाणी सांगायचं माझं वय नव्हे, पण पुढे सांगायला मी असेन असं वाटत नाही.

मी उन्हाळ्यातही तग धरणाऱ्या नव्या जातीचं सफरचंद. रोपवाटिकेतून सत्यशीलाबाईंनी मला मांडीवर घेऊन केदारखेड्याला आणलं आणि मोसंबीच्या बागेच्या कडेला लावलं. शेजारचा मच्छिंद्र पोट धरून हसला. "वैनी, आता बर्फ बी पाडा म्हंजे झालं!"

बाईंनी मनावर घेतलं नाही. थंडीत त्यांनी माझी पानं हातानं खुडली, कारण त्याशिवाय मी फुलत नाही. यंदा मी पहिल्यांदा फुललो. मोजकीच फळं धरली, तरी मला केवढा गर्व झाला होता!

तेवढ्यात त्यांच्या लेकीचं, भावनाचं, बाळंतपण आलं. जालन्याला निघताना त्या माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "पहिली फळं बुद्धपौर्णिमेला विहारात न्हेईन." नवऱ्याला, तातेरावांना, एवढंच म्हणाल्या, "झाडाकडं बघा."

त्यांनी बघितलं, पण मोसंबीवाल्याच्या नजरेनं. मोसंबीला ताण देतात. भर उन्हाळ्यात पाणी तोडायचं, पानं पिवळी पडू द्यायची, मग मृगात पाणी मिळालं की झाड फुलांनी लगडतं. तातेरावांनी बागेबरोबर माझंही पाणी बंद केलं.

मी मोसंबी नव्हतो हो! माझी पानं करपली. फळं सुरकुतून गळली. खोडाची साल तडकली तेव्हा मच्छिंद्रसुद्धा हसायचा थांबला.

"तात्या, पाणी सोड. मरून राह्यलंय ते."

"लाडानं झाडं बिघडतात. चार फळांचं काय घेऊन बसला? ताण बराबर बसू दे. मंग मिरगात बघ, सत्यशीलाच्या पुढ्यात टोपलंच ठेवतो."

तातेरावांना बाईंना खूश करायचं होतं. म्हणून मला त्यांचा धड रागही येत नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बाई आल्या, त्या पिशवीसकट थेट माझ्याकडे.

"याला बी ताण दिल्ता का तुमी?"

"दिल्ता. दुप्पट फळं येतील म्हून."

 दुसऱ्या दिवशी बाई विहारात मोगऱ्याची फुलं घेऊन गेल्या.

मित्रांनो, तुमच्या दारी कुणी नवं आलं, तर त्याला काय लागतं ते आधी विचारा. तुमची माया खरी असेल, पण तेवढ्यानं त्याची तहान भागत नाही.

आता तातेराव रोज घागरीनं मला पाणी घालतात आणि पालवी फुटली का ते वाकून बघतात. बाईंनी परवाच नखानं माझी साल खरवडली होती. आत हिरवं बिलकुल उरलं नव्हतं. हे त्यांनी अजून नवऱ्याला सांगितलेलं नाही. तातेरावांची घागर रिकामी झाली, की त्या ती पुन्हा भरून देतात.