फाटकावरचं अर्धं वाक्य

नागरिकहो, जे राष्ट्र क्षणाचा मान राखतं, त्याच्यापुढे इतिहास हात जोडून उभा राहतो!

हे थोर वाक्य पोर्ट सईदमधल्या एका शाळेच्या फाटकावर आजही वाचता येतं. मात्र ‘त्याच्यापुढे’ इथपर्यंतच. रंगारी जेवून यायला जरा रेंगाळला, म्हणून मुख्याध्यापक वगीहसाहेबांनी त्याला रंगाच्या डब्यासकट हाकलून दिलं. घंटा झाली की त्या फाटकाला कडी. शहर दुभागणाऱ्या जहाजांच्या कालव्यापलीकडून येणारी पोरं बाहेर उभी राहून रडायची, “साहेब, फेरीबोट अडकली होती!” साहेब स्वतः पलीकडचेच, पण पहाटेच्या पहिल्या बोटीने येणारे. “मी कसा नाही अडकत कधी?” असं म्हणून आत निघून जायचे.

साहेबांच्या मुलीच्या, नशवाच्या साखरपुड्याला तिचा होणारा सासरा, नवरदेव नाजीचा बाप हाज शलबी उशिरा उगवला. मासळीचा व्यापारी; बर्फ वेळेवर आला नव्हता. साहेबांनी त्याच्याविना पंगत उठवली आणि वर चारचौघांत बजावलं, “निकाह तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजाला लागून होईल. कोणीही उशीर केला, तर लग्न मोडलं!”

त्यातलं ‘कोणीही’ हाजने नीट लक्षात ठेवलं.

निकाहाच्या दिवशीही साहेबांनी रजा घेतली नाही. शेवटची घंटा स्वतः वाजवली, निकाह लावणाऱ्या शेख बय्यूमींना बरोबर घेतलं आणि बोटीत चढले. बोट धक्क्यावरून सुटते न सुटते तोच वाळवंटाकडून खमासीनचा धुळीचा वारा उठला. आभाळ हळदीसारखं पिवळं झालं. इमारतीएवढं एक मालवाहू जहाज समोर येऊन जे थांबलं ते थांबलंच. ते हलेपर्यंत फेरीबोटीने जागचं हलायचं नाही, असा हुकूम आला. पलीकडच्या काठावर, जहाजाच्या टोकाशेजारून, धुळीतूनसुद्धा, साहेबांच्या गच्चीवरचे लग्नाचे दिवे दिसत होते.

असरची अजान झाली आणि फोन वाजला.

“बाबा, सगळे आलेत,” नशवा दबक्या आवाजात म्हणाली. “नाजीचे वडील दारातच उभे आहेत. घड्याळ हातात घेऊन.”

“दे बरं त्यांच्याकडे... हाज, जहाज मधे आलंय हो! बोट अडकलीय!”

“असं?” हाज गोड आवाजात म्हणाला. “तुमच्या शाळेत चालतं का हे कारण?”

फोन बंद झाला.

साहेब कठड्याकडे धावले. “अरे, हलव ना ते धूड! पोरीचं लग्न मोडतंय माझ्या!”

जहाजावरच्या एका खलाशाने मोठ्या आपुलकीने हात हलवला.

“घ्या, बिया खा,” शेख भोपळ्याच्या भाजक्या बियांची पुडी पुढे करत म्हणाले.

“शेखसाहेब, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?”

“वाटतं की! पण मला वाटून जहाज हलत नाही. तुम्हाला पोहता येतं?”

“नाही.”

“मलाही नाही. मग बसा.” शेखांनी एक टरफल पाण्यात टाकलं. “माझा नातू तुमच्या फाटकावरून परत आला होता. परीक्षेच्या दिवशी. असंच एक जहाज होतं. वर्ष गेलं पोराचं.”

साहेबांच्या बोटांतली बी बोटांतच राहिली.

“आळशाला शिक्षा करा, मी टाळ्या वाजवीन,” शेख म्हणाले. “पण त्या पोराने काय करायचं होतं? जहाज ढकलायचं?”

समोर लोखंडाची भिंत होती. तिला घंटा ऐकू येत नव्हती, कडी लागत नव्हती.

दिवेलागणीला जहाज हललं, आपल्या मर्जीने. धुळीने माखलेले साहेब धापा टाकत घरी पोचले. दारात हाज उभाच.

“चुकलो मी, हाज! मला वाटेल ती शिक्षा द्या, पोरीला नको!”

“कसली शिक्षा?” हाज खेकसला. “मी तेव्हाच निघून जाणार होतो! पण तुमच्या पाहुण्यांनी माझ्या मोटारीपुढे मोटारी लावल्यात. कोणाची कुठली, एकाला माहीत असेल तर शपथ! तेव्हापासून अडकून पडलोय. चहा मात्र फक्कड करते हं पोरगी.”

“होतं असं, हाज,” साहेब म्हणाले. हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदाच उच्चारलं!

मग ते पाहुण्यांकडे वळले. “मंडळी, उद्यापासून माझ्या फाटकाला कडी नाही! आपल्या हातातली वेळ जिवापाड जपावी. पण जी हातात नाही, तिच्यापायी स्वतःला जाळू नये, आणि दुसऱ्याला तर मुळीच नाही. प्रत्येकाच्या वाटेत केव्हातरी जहाज येतं! शेखसाहेब, नातवाला घेऊन या. आणि आज या मंगल क्षणी...”

“फार सुंदर,” शेख बय्यूमी घाईघाईने म्हणाले. “निकाहही लावतो. पण दुपारपासून बोटीत आहे हो... आधी जरा संडास कुठे आहे, ते सांगता?”