कचऱ्याचा वार

जपानमधल्या पहिल्याच महिन्यात विशाखाची कचऱ्याची पिशवी गाडीने नेली नाही. पिशवीवर लाल चिठ्ठी होती: आज प्लॅस्टिकचा वार नाही. पुण्यात जपानीच्या परीक्षा देऊन ती फुकुओकाजवळच्या एका लहान शहरात अनुवादक म्हणून गेली होती, पण गल्लीतल्या खांबावरचं कचऱ्याचं वेळापत्रक काही तिला उलगडेना. शेवटी सुट्टीच्या दिवशी बसून तिने स्वतःसाठी आणि आपल्यासारख्या परक्यांसाठी एक वेबसाइट केली. आपली गल्ली निवडली की आज कोणता कचरा बाहेर ठेवायचा ते सोप्या जपानीत आणि इंग्रजीत दिसायचं. वरच्या बाजूला तिने स्वतः काढलेला कावळा होता, कारण राहून गेलेल्या पिशव्या कावळेच फोडत.

साइट लोकांना आवडली, आसपासच्या गल्ल्या जोडल्या गेल्या. विशाखाने नोकरी सोडून साइट बनवण्याचाच व्यवसाय सुरू केला. तंत्रज्ञानात नवं काही आलं की ते आधी करून बघणारी बाई, अशी तिची तिथल्या छोट्या वर्तुळात ओळख झाली. तिची मुलगी सानिका तिथेच जन्मली. मग तिच्या नवऱ्याला, हेमचंद्रला, अ‍ॅमस्टरडॅमला झुइडास या कचेऱ्यांच्या भागातल्या एका कंपनीत चांगलं काम मिळालं आणि तिघं जवळच्या नीउ-व्हेनेप गावात राहायला आली.

इथेही तिने हळूहळू कामं मिळवली. एका सायकलवाल्याची साइट केली, एका दंतवैद्याची केली. कचऱ्याची साइट मात्र ती रोज सकाळी सानिकाला शाळेत सोडून आली की आधी उघडायची. सानिका तीन वर्षांची असताना शेजारणीशी जपानीत भांडायची. आता ती आठ वर्षांची होती, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला डचमध्ये उत्तर द्यायची आणि जपानी पार विसरली होती. घरात जपानचं म्हणावं असं ती साइटच उरली होती.

या एप्रिलमध्ये ओकुबो नावाच्या गृहस्थांचा मेल आला. त्रास देत असल्याबद्दल आधी दोनदा क्षमा मागून त्यांनी लिहिलं होतं, की आमच्या गल्लीत प्लॅस्टिकचा वार बदलला आहे, साइटवर जुनाच आहे, त्यामुळे बऱ्याच जणांच्या पिशव्या रस्त्यावर पडून राहिल्या. सोबत खांबावरच्या नव्या सूचनेचा फोटो होता. विशाखाने लगेच दुरुस्ती केली, क्षमा मागितली. पण फोटो बंद करवेना. खांबामागे पूर्वी ती जिथून ब्रेड आणायची ते दुकान होतं, तिथे आता वाहनतळ झाला होता.

संध्याकाळी तिने हेमचंद्रला सांगितलं की ती साइट बंद करणार आहे. त्याला ते पटलं नाही. चालू राहिली तर बिघडतं काय, असं त्याचं म्हणणं.

"मी तो खांब पाच वर्षांत पाहिलेला नाही," ती म्हणाली. "आणि तिथल्या लोकांना मी सांगते आज काय टाकायचं."

महिन्याअखेर साइट बंद होईल अशी सूचना तिने लावली. दुसऱ्याच दिवशी पुन्हा ओकुबोंचा मेल. ते रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाले होते, वय बहात्तर. गल्लीतले म्हातारे लोकही आता तीच साइट बघतात, ती मी सांभाळू का, असं त्यांनी विचारलं होतं. मला यातलं काही येत नाही, पण शिकवलंत तर शिकेन.

मग शनिवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या दुपारी, दोघं व्हिडिओवर बसू लागली. ओकुबो कोणतंही बटण दाबण्याआधी पडद्याकडे बोट करायचे आणि आपण काय करतो आहोत ते मोठ्याने म्हणायचे. सिग्नलवर असताना अशीच सवय लागली होती, त्याने चुका कमी होतात, असं त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा विशाखाला हसू आलं. जुलैपर्यंत तीही दंतवैद्याची साइट बदलताना पुटपुटू लागली.

ऑगस्टमध्ये ओकुबोंनी पहिला मोठा बदल एकट्याने केला. विशाखाने साइट उघडली तर कावळा नव्हता. त्याच्या जागी वाराचं नाव, पानभर मोठ्या अक्षरांत. तिला ते इतकं लागलं की तिने रागाने एक मेल लिहिला, वाचला आणि खोडून टाकला. शनिवारी तिने शांतपणे विचारलं.

ओकुबो म्हणाले, "विशाखा-सान, कावळा फार छान होता. पण तो मधे येत होता. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वार वाचता येत नव्हता."

विशाखाने पुन्हा पानाकडे पाहिलं. अक्षरं दांडगी होती, रंग तिला आवडला नाही, पण खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही वार दिसत होता.

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग तिनेच विषय काढला, की संपर्काच्या पानावर अजून तिचा मेलचा पत्ता आहे. कोणी काही विचारलं तर तिला इथून काय सांगता येणार? तो काढायला हवा. ओकुबोंना अवघडल्यासारखं झालं. साइट तुम्ही सुरू केलीत हे खाली लिहून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. ते लिहा, पण मेल तुम्हालाच येऊ देत, असं ती म्हणाली. तेव्हा त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

"विशाखा-सान यांचा पत्ता पुसतो आहे."

"पुसा," ती म्हणाली.

त्यानंतर शनिवारच्या भेटी थांबल्या. ओकुबोंनी शेजारचं गावही जोडलं, एका व्हिएतनामी मुलीला मदतीला घेतलं, असं अधूनमधून कळे. विशाखा आता शनिवारी सानिकाला पोहण्याच्या वर्गाला नेते, आधी हेमचंद्र न्यायचा. काचेच्या अलीकडे आया बसलेल्या असतात. एकीने तिला काय काम करता म्हणून विचारलं. वेबसाइट बनवते, विशाखाने मोडक्या डचमध्ये सांगितलं. कसल्या, असं बाईंनी पुढे विचारलं. काचेपलीकडे सानिका पाठीवर तरंगायला शिकत होती. विशाखा थोडी सरकून बाईंच्या शेजारी बसली आणि लाल चिठ्ठीच्या त्या पिशवीपासून सांगू लागली.